वायुविनिमय मापन, परिसंस्थीय

वने, गवताळ प्रदेश, शेते, दलदली यांसारख्या जमिनीवरील परिसंस्था (विशिष्ट क्षेत्रातील सर्व सजीव व त्यांचा अजैव परिसर मिळून होणारे एकक) आणि त्यांच्यावरील वातावरण यांच्यामध्ये वायूंची देवाणघेवाण अखंड चालू असते. एकक क्षेत्रफळातून एकक कालावधीत कोणता वायू किती प्रमाणात व कोणत्या दिशेने जातो हे निश्चित करण्याच्या क्रियेला परिसंस्थीय वायुविनिमय मापन म्हणतात. मोजल्या जाणाऱ्या या राशीला त्या वायूचा अभिवाह अशी संज्ञा आहे. कार्बन डाय-ऑक्साइड, जलबाष्प, मिथेन व नायट्रस ऑक्साइड हे या दृष्टीने महत्त्वाचे वायू होत. कार्बन डाय-ऑक्साइडाचा अभिवाह सामान्यतः दर चौ. मी. क्षेत्रातून दर सेकंदास जाणाऱ्या मायक्रोमोलांत (मोल या रासायनिक एककाच्या दशलक्षाव्या भागांत) व्यक्त करतात. वर जाणारा अभिवाह धन आणि खाली येणारा अभिवाह ऋण मानण्याचा संकेत आहे. त्यामुळे वातावरणातून कार्बन शोषून घेणाऱ्या वनाचा अभिवाह ऋण येतो. प्रस्तुत नोंदीत या मापनाची तत्त्वे, पद्धती, मर्यादा आणि त्यांतून हाती आलेले प्रमुख निष्कर्ष यांचे विवरण केलेले आहे.

मापनाची आवश्यकता : वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषणाने (सूर्यप्रकाशातील ऊर्जा वापरून कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांपासून कार्बोहायड्रेटे तयार करण्याच्या क्रियेने) हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतात. त्याच वेळी वनस्पतींचे स्वतःचे श्वसन आणि मातीतील सूक्ष्मजीवांकडून होणारे जैव पदार्थांचे अपघटन यांमुळे तो वायू वातावरणात परत जात असतो. जगातील सर्व भू-परिसंस्था प्रकाशसंश्लेषणाद्वारे दरवर्षी सुमारे १२० अब्ज टन कार्बन स्थिर करतात, असा अंदाज आहे आणि जवळजवळ तितकाच कार्बन श्वसन, अपघटन व वणवे यांमार्फत परत जातो. जीवाश्म इंधनांच्या (दगडी कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या) ज्वलनातून वातावरणात जाणारा कार्बन दरवर्षी सुमारे १० अब्ज टन आहे. म्हणजे तो या नैसर्गिक उलाढालीच्या तुलनेने बराच लहान आहे. तथापि नैसर्गिक उलाढालीच्या दोन्ही बाजू जवळजवळ समतोल असतात व इंधनांच्या ज्वलनाने पडणारी भर एकाच दिशेची असते. अलीकडील दशकांत भू-परिसंस्थांनी दरवर्षी सुमारे ३ अब्ज टन कार्बन जादा शोषून घेतला असल्याचे आढळते. हे शोषण झाले नसते, तर वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडाची वाढ आहे त्यापेक्षा पुष्कळच जलद झाली असती.

हे जादा शोषण म्हणजे दोन प्रचंड राशींमधील एक लहानसा फरक होय. अशा फरकाचे मापन करताना मूळ राशींतील थोडीशी चूकही फरकाचे चिन्ह पालटण्यास पुरेशी ठरते. एखादे वन कार्बनाचे शोषक आहे की उत्सर्जक, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे कठीण असण्याचे कारण हेच आहे. परिसंस्थीय वायुविनिमय मापनाचा सर्व इतिहास हा या अडचणीशी दिलेल्या झुंजीचा इतिहास आहे, असे म्हणता येईल.

कार्बन डाय-ऑक्साइडाखेरीज इतर वायूंच्या मापनालाही महत्त्व आहे. शंभर वर्षांच्या कालावधीचा विचार केल्यास मिथेनाचा एक टन वातावरणास तापविण्याच्या बाबतीत कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सुमारे २८ टनांइतका आणि नायट्रस ऑक्साइडाचा एक टन सुमारे २७० टनांइतका परिणामकारक असतो. जलबाष्पाच्या अभिवाहावरून पिकाने वापरलेले पाणी कळते. त्यामुळे सिंचनाच्या नियोजनाला त्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो. [⟶ बाष्पोच्छ्वास].

इतिहास : मातीतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडाचे मापन जमिनीवर घंटाकार झाकण ठेवून करण्याची पद्धती जुनी आहे. स्वीडिश वनस्पतिवैज्ञानिक हेन्रिक लुंडेगॉर्ड यांनी १९२७ मध्ये मातीतील कार्बन डाय-ऑक्साइडाचे उत्सर्जन व पिकांची वाढ यांच्या संबंधावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. तो या क्षेत्रातील आरंभीचा महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

दुसरा प्रवाह द्रायुयामिकीतून (द्रव व वायू यांच्या गतीच्या अभ्यासातून) आला. इंग्रज शास्त्रज्ञ ऑझ्बर्न रेनल्ड्स यांनी १८९५ मध्ये संक्षोभी (अनियमित भोवऱ्यांनी युक्त अशा) प्रवाहातील कोणतीही राशी ही तिचे सरासरी मूल्य व त्यापासूनचे क्षणिक विचलन यांची बेरीज मानावी, अशी कल्पना मांडली. जी. आय्. टेलर यांनी १९१५ मध्ये वातावरणातील आवर्तांच्या गतीसंबंधी विवेचन केले. ऑस्ट्रेलियात डब्ल्यू. सी. स्विनबँक यांनी १९५१ मध्ये हवेच्या ऊर्ध्व गतीतील विचलनांवरून उष्णता व जलबाष्प यांचे अभिवाह काढण्याची पद्धती वर्णिली. रशियन शास्त्रज्ञ ए. एस्. मोनिन व ए. एम्. ओबुखोव्ह यांनी १९५४ मध्ये जमिनीलगतच्या वातावरणीय थराचा साम्य सिद्धांत मांडला व त्यामुळे वायूंच्या उंचीनुसार होणाऱ्या बदलांवरून अभिवाह काढण्यास सैद्धांतिक पाया मिळाला. इंग्लंडमध्ये जॉन माँटीथ यांनी १९६० मध्ये बीटच्या शेतावरील कार्बन डाय-ऑक्साइडाचा अभिवाह अशा रीतीने निश्चित केला.

अमेरिकेतील कॅनझस राज्यात १९६८ साली सपाट शेतजमिनीवर झालेला प्रयोग या विषयात प्रमाणभूत मानला जातो. मूळचे भारतीय असलेले शास्त्रज्ञ जे. सी. कैमल यांचा त्यात प्रमुख वाटा होता. संक्षोभातील लहानमोठ्या आवर्तांचे वाटप दर्शविणारे, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेले वक्र आजही नव्या मापनांची पारख करण्यासाठी वापरतात. तोपर्यंतची मापने काही दिवसांपुरती वा आठवड्यांपुरती होत. जलद प्रतिसाद देणारी उपकरणे व स्वस्त संगणक उपलब्ध झाल्यावर वर्षभर अखंड मापन शक्य झाले. अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्यातील हार्वर्ड वनात एप्रिल १९९० पासून असे मापन सुरू झाले. ते या प्रकारच्या दीर्घकालीन मापनाचे आद्य उदाहरण होय.

मापनाच्या पद्धती : प्रचलित पद्धतींचे कोष्ठ पद्धती, प्रवणता पद्धती व आवर्त सहप्रचरण पद्धती असे तीन मुख्य वर्ग पडतात.

कोष्ठ पद्धती : या पद्धतीत तळ नसलेली हवाबंद पेटी जमिनीवर किंवा पिकावर उपडी ठेवतात. पेटीची कड मातीत आधीच रोवलेल्या चौकटीवर बसविलेली असते. पेटीतील हवेचे नमुने ठराविक अंतराने, उदा., दर १५ मिनिटांनी, पिचकारीने काढून घेतात व वायुवर्णलेखन उपकरणाने त्यांतील वायूची संहती (मिश्रणातील प्रमाण) मोजतात. संहतीच्या वाढीचा दर, पेटीचे घनफळ आणि तिने झाकलेले क्षेत्रफळ यांवरून अभिवाह काढता येतो. पेटी पारदर्शक असल्यास प्रकाशसंश्लेषण व श्वसन यांचा एकत्रित परिणाम मिळतो, अपारदर्शक असल्यास केवळ श्वसन कळते.

ही पद्धती स्वस्त व सुटसुटीत आहे. एकाच शेतातील दोन वाफ्यांना दिलेल्या निरनिराळ्या खतांचा परिणाम तुलनेने पाहावयाचा असल्यास तिच्यासारखी दुसरी पद्धती नाही. तिचे दोष मात्र पेटीतूनच उद्भवतात. पेटी ठेवल्याबरोबर आतील वारा थांबतो, तापमान व आर्द्रता वाढते आणि मातीच्या पृष्ठभागावरील दाब बदलू शकतो. शिवाय पेटीखाली येणारे क्षेत्र जेमतेम एखादा चौ. मी. असते. मातीतील सूक्ष्मजीवांची क्रिया जागोजागी फार भिन्न असते. त्यामुळे शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन पेट्यांतील मूल्यांत कित्येक पटींचा फरक पडणे असामान्य नाही. म्हणून पेट्यांची संख्या व त्या ठेवण्याच्या जागांची निवड यांवर निष्कर्षाची विश्वसनीयता अवलंबून असते.

प्रवणता पद्धती : पिकावर दोन वा अधिक उंचींवर वायूची संहती मोजली असता दिवसा पिकाजवळ कार्बन डाय-ऑक्साइड कमी व वर जास्त आढळतो. या फरकाला संक्षोभी विसरण गुणांकाने (भोवऱ्यांमुळे हवा किती वेगाने मिसळते हे दर्शविणाऱ्या राशीने) गुणले म्हणजे अभिवाह मिळतो. हा गुणांक वाऱ्याच्या वेगातील उंचीनुसार होणाऱ्या बदलावरून किंवा ऊर्जेच्या समतोलावरून काढतात. अमेरिकन भौतिकीविज्ञ आय्. एस्. बोएन यांनी १९२६ मध्ये मांडलेले, उष्णतेचा अभिवाह व बाष्पीभवनाकडे जाणारी उष्णता यांचे गुणोत्तर या दुसऱ्या मार्गात उपयोगी पडते. उंच वनांवर हवा इतकी चांगली मिसळलेली असते की, दोन उंचींवरील संहतींत फारच थोडा फरक आढळतो. त्यामुळे ही पद्धती मुख्यत्वे ठेंगणी पिके व गवत यांपुरती उपयुक्त ठरली.

आवर्त सहप्रचरण पद्धती : ही सध्या सर्वांत अधिक प्रचारात असलेली पद्धती आहे. जमिनीवरून वाहणारा वारा एकसंध सरळ प्रवाह नसून त्यात निरनिराळ्या आकारांचे आवर्त (भोवरे) असतात. या आवर्तांमुळे हवेचा एखादा पुंजका वर जातो, तर दुसरा खाली येतो. दीर्घ वेळेची सरासरी घेतली, तर सपाट जमिनीवर वर जाणारी व खाली येणारी हवा जवळजवळ सारखीच असते. तथापि पिकाजवळून वर जाणाऱ्या हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड पिकाने अगोदरच शोषून घेतलेला असतो, तर वरून येणाऱ्या हवेत तो तुलनेने अधिक असतो. म्हणून हवेची निव्वळ ने-आण शून्य असली, तरी वायूची ने-आण शून्य नसते.

हे तत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. चार लागोपाठच्या क्षणी हवेचा ऊर्ध्व वेग अनुक्रमे +०.३, −०.२, +०.१ व −०.२ मी./से. (धन चिन्ह वरच्या दिशेचे) आणि त्या त्या क्षणी कार्बन डाय-ऑक्साइडाची संहती अनुक्रमे ४१८, ४२३, ४१९ व ४२४ दशलक्षांश भाग मोजली, असे समजू. वेगांची सरासरी शून्य आहे. संहतीची सरासरी ४२१ असून तिच्यापासूनची विचलने अनुक्रमे −३, +२, −२ व +३ येतात. वेग व विचलन यांचे गुणाकार −०.९, −०.४, −०.२ व −०.६ असून त्यांची सरासरी −०.५२५ आहे. या सरासरीला सहप्रचरण म्हणतात. नेहमीच्या तापमानास व दाबास १ घ. मी. हवेत सुमारे ४० मोल वायू असतो. या संख्येने गुणले असता अभिवाह दर चौ. मी.ला दर सेकंदास −२१ मायक्रोमोल येतो. ऋण चिन्हाचा अर्थ वायू खाली जात आहे, असा होतो. हाच दर तासभर टिकला, तर एका हेक्टरमधील वनस्पती सुमारे ३३ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतील. भर दुपारी जोमदार वाढणाऱ्या पिकावर वा वनावर या श्रेणीतील मूल्ये प्रत्यक्षात मिळतात.

प्रत्यक्ष मापनात चार नव्हे, तर दर सेकंदास १० किंवा २० वाचने घेतात व साधारणपणे अर्ध्या तासाची सरासरी काढतात. याहून कमी कालावधी घेतल्यास मोठे, सावकाश फिरणारे आवर्त निसटतात. फार मोठा कालावधी घेतल्यास दिवस चढण्याबरोबर होणारे बदल त्यात मिसळतात. वर्षभरात अशी सुमारे १७,५०० अर्ध्या तासांची मूल्ये जमा होतात.

उपकरणे : ऊर्ध्व वेग मोजण्यासाठी श्राव्यातीत (मानवी कानास ऐकू येण्याच्या मर्यादेपलीकडील कंप्रतेच्या ध्वनितरंगांवर चालणारा) वायुवेगमापक वापरतात. त्यात समोरासमोर बसविलेल्या प्रेषक-ग्राहकांच्या तीन जोड्या असतात व प्रत्येक जोडीतील अंतर सर्वसाधारणपणे १० ते २० सेंमी. असते. ध्वनितरंगाला वाऱ्याच्या दिशेने जाण्यास लागणारा वेळ विरुद्ध दिशेने जाण्यास लागणाऱ्या वेळेपेक्षा किंचित कमी असतो. या फरकावरून वाऱ्याचा वेग त्रिमितीत कळतो आणि ध्वनीच्या वेगावरून हवेचे तापमानही काढता येते. या साधनात फिरणारे भाग नसल्याने ते अत्यंत जलद प्रतिसाद देते.

वायूची संहती अवरक्त (वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारणाच्या शोषणावरून मोजतात. कार्बन डाय-ऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटर या तरंगलांबीच्या परिसरात प्रारण तीव्रपणे शोषून घेतो. ज्या विश्लेषकात वारा प्रारणाच्या मार्गातून मोकळेपणाने वाहतो त्याला मुक्तमार्गी आणि ज्यात हवा नळीने ओढून बंद कोष्ठात नेतात त्याला बद्धमार्गी विश्लेषक म्हणतात. पहिल्यात पाऊस व दव यांमुळे वाचने वाया जातात, तर दुसऱ्यात नळीतून जाताना लहान आवर्तांची चिन्हे पुसट होतात. पावसाळी प्रदेशात मापन करणाऱ्यांना या दोन दोषांपैकी एक पत्करावाच लागतो. मिथेन व नायट्रस ऑक्साइड यांची हवेतील संहती फार कमी असल्यामुळे त्यांच्यासाठी लेसरवर आधारलेले विश्लेषक वापरतात.

ही उपकरणे पिकाच्या किंवा वनाच्या माथ्याहून उंच अशा मनोऱ्यावर बसवितात. वाऱ्याच्या दिशेने मनोऱ्याच्या अलीकडे असलेल्या ज्या क्षेत्रातून येणारी हवा उपकरणांपर्यंत पोहोचते त्याला मापनाचे पदचिन्ह म्हणतात. पदचिन्हाचा विस्तार उपकरणांच्या उंचीवर आणि वातावरणाच्या स्थिरतेवर अवलंबून असतो व तो काहीशे मी.पासून एक किमी.पेक्षाही अधिक असू शकतो. या सर्व क्षेत्रात एकाच प्रकारची वनस्पती असणे इष्ट असते. लहान लहान तुकड्यांत विभागलेल्या शेतजमिनींवर ही अट पाळणे अवघड जाते.

दुरुस्त्या व मर्यादा : तापलेल्या जमिनीवरून वर जाणारी हवा विरळ असते. त्यामुळे तिच्या १ घ. मी.मधील कार्बन डाय-ऑक्साइड त्याचे प्रमाण न बदलताही कमी भरतो. या परिणामाकडे दुर्लक्ष केल्यास ओसाड, कोरडी जमीनसुद्धा कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेत असल्याचा भास होतो. ऑस्ट्रेलियातील ई. के. वेब, जी. आय्. पिअरमन व आर्. ल्यूनिंग यांनी १९८० मध्ये उष्णता व जलबाष्प यांच्या अभिवाहांवरून ही चूक दुरुस्त करण्याची सूत्रे दिली. तेव्हापासून मुक्तमार्गी विश्लेषकांच्या बाबतीत ही दुरुस्ती अपरिहार्य मानली जाते.

मापनाची पारख करण्याचा एक मार्ग ऊर्जेच्या हिशोबाचा आहे. पृष्ठभागास मिळणारे निव्वळ प्रारण हे हवा तापविणे, पाण्याचे बाष्पीभवन आणि जमिनीत शिरणारी उष्णता यांत खर्च झाले पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेक मनोऱ्यांवर मोजलेल्या खर्चाची बेरीज मिळालेल्या ऊर्जेपेक्षा १० ते ३० टक्क्यांनी कमी भरते. या तुटीचे एक कारण मोठे, जवळजवळ स्थिर राहणारे आवर्त मनोऱ्याच्या मापनातून निसटतात हे असावे. कार्बन डाय-ऑक्साइडाचे अभिवाहही याच प्रमाणात कमी मोजले जातात की काय, याविषयी मतैक्य नाही.

याहून गंभीर अडचण रात्रीची आहे. स्वच्छ व शांत रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा जड होते व संक्षोभ जवळजवळ थांबतो. श्वसनातून निघालेला कार्बन डाय-ऑक्साइड झाडांखालीच साचतो किंवा उतारावरून थंड हवेबरोबर पाण्यासारखा वाहत जातो. तो मनोऱ्यावरील उपकरणांपर्यंत पोहोचतच नाही. दिवसाचे शोषण मात्र पुरेपूर मोजले जाते. परिणामी वनाचे वार्षिक शोषण वास्तवापेक्षा जास्त दिसते. ही चूक कधी या बाजूस तर कधी त्या बाजूस होणारी नसून नेहमी एकाच बाजूस होणारी आहे. म्हणून अधिक वाचने घेतल्याने ती कमी होत नाही, उलट साचत जाते. दर रात्री १२ तास केवळ १ मायक्रोमोल दर चौ. मी. दर सेकंद एवढे श्वसन निसटले, तरी वर्षाअखेर हेक्टरी सुमारे १.९ टन कार्बनाची चूक होते. समशीतोष्ण वनाचे सर्व वार्षिक निव्वळ शोषण अनेकदा याच श्रेणीचे असते. यावर उपाय म्हणून घर्षण वेग (संक्षोभाची तीव्रता दर्शविणारी राशी) एका मर्यादेखाली असतानाची वाचने रद्द करतात व त्यांच्या जागी वारा असलेल्या रात्रींतील श्वसन व तापमान यांच्या संबंधावरून काढलेली मूल्ये घालतात. ही मर्यादा कोठे धरावयाची यावर वार्षिक बेरीज अवलंबून असल्याने ती प्रत्येक स्थळी स्वतंत्रपणे ठरवावी लागते.

पाऊस, विजेचा खंड, उपकरणांतील बिघाड व रद्द केलेली वाचने यांमुळे वर्षातील बराच काळ मूल्यांविना राहतो. त्या जागा सांख्यिकीय रीतींनी भरून काढतात. रात्रीचे श्वसन तापमानाच्या आधारे दिवसाकरिता वाढवून त्यातून निव्वळ विनिमय वजा केला म्हणजे एकूण प्रकाशसंश्लेषणाचा अंदाज मिळतो. हे विभाजन अप्रत्यक्ष असून पाने प्रकाशात रात्रीपेक्षा कमी श्वसन करीत असल्यास ते सदोष ठरते.

प्रमुख निष्कर्ष : हार्वर्ड वनाने १९९१ ते १९९५ या काळात दरवर्षी हेक्टरी १.४ ते २.८ टन कार्बन शोषून घेतल्याचे आढळले. पालवी केव्हा फुटते, हिवाळ्यात मातीवर बर्फाचा थर किती जाड असतो व उन्हाळ्यात ढगाळ दिवस किती असतात, यांनुसार एकाच वनाचे शोषण वर्षावर्षाला बदलते, हे त्यातून स्पष्ट झाले. एका वर्षाच्या मापनावरून कायमचा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, हा या मापनाचा महत्त्वाचा धडा होय.

ॲमेझॉन खोऱ्यातील आरंभीच्या मापनांत तेथील अभंग वने मोठ्या प्रमाणावर कार्बन शोषीत असल्याचे दिसले होते. ब्राझीलमधील तापाझोस राष्ट्रीय वनात रात्रीच्या चुकीची काळजीपूर्वक दुरुस्ती करून आणि झाडांचा घेर व पडलेली लाकडे यांच्या मोजणीशी ताडून पाहिल्यावर २००३ मध्ये वेगळाच निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ते वन त्या काळात कार्बनाचे उत्सर्जन करीत होते. तसेच कोरड्या ऋतूत शोषण व ओल्या ऋतूत उत्सर्जन असा क्रम आढळला. तो तत्कालीन संगणकीय प्रतिकृतींनी वर्तविलेल्या क्रमाच्या नेमका उलट होता.

यूरोपात २००३ च्या उन्हाळ्यात तीव्र उष्णता व अवर्षण यांची लाट आली. मनोऱ्यांचे जाळे तेव्हा कार्यरत असल्यामुळे तिच्या परिणामांचे मापन होऊ शकले. प्रकाशसंश्लेषण सुमारे ३० टक्क्यांनी घटले आणि यूरोपीय परिसंस्थांनी त्या वर्षी सुमारे अर्धा अब्ज टन कार्बन वातावरणात सोडला. अंदाजे चार वर्षांत झालेले शोषण अशा रीतीने एका वर्षात नाहीसे झाले.

भातखाचरे व मिथेन : पाणी साचलेल्या मातीत ऑक्सिजन संपल्यावर तेथील विशिष्ट सूक्ष्मजीव जैव पदार्थांपासून मिथेन तयार करतात. तो बुडबुड्यांच्या रूपाने, पाण्यातून विसरणाने किंवा भाताच्या रोपातील हवायुक्त ऊतकांतून वर येतो. यांपैकी तिसरा मार्ग बहुधा सर्वांत महत्त्वाचा असतो. रोप एखाद्या धुराड्याप्रमाणे कार्य करीत असल्याने कोष्ठ पद्धतीत पेटी रोपासह झाकेल इतकी उंच असावी लागते. केवळ पाण्यावर ठेवलेली पेटी उत्सर्जनाचा मोठा भाग गमावते. भातखाचरांतील अशी मापने १९८० नंतरच्या दशकात प्रथम कॅलिफोर्निया, स्पेन व इटली येथे झाली.

या मापनांवरून व इतर अल्प माहितीवरून संपूर्ण जगासाठी अंदाज बांधले गेले. त्यांनुसार १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण विभागाने भारतातील भातशेतीचे मिथेन उत्सर्जन दरवर्षी सुमारे ३८ दशलक्ष टन धरले होते. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत देशांच्या जबाबदाऱ्या ठरण्याच्या काळात हा आकडा भारताच्या दृष्टीने साधा नव्हता. त्याची पडताळणी करण्यासाठी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने व ए. प. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये देशव्यापी मिथेन मापन मोहीम हाती घेण्यात आली. निरनिराळ्या राज्यांतील सिंचित, पावसावर अवलंबून असलेल्या व खोल पाण्याच्या खाचरांत कोष्ठ पद्धतीने मापने करण्यात आली. त्यांवरून देशाचे वार्षिक उत्सर्जन सुमारे ४ दशलक्ष टन (२.७ ते ५.४ दशलक्ष टन) ठरले. म्हणजे पूर्वीचा अंदाज जवळजवळ नऊपट अधिक होता.

या तफावतीची कारणे शेतीच्या रीतीतच आहेत. भारतातील भाताच्या क्षेत्राचा मोठा भाग पावसावर अवलंबून असून तेथे पाणी हंगामभर सतत साचून राहत नाही. मधूनमधून माती उघडी पडून तीत ऑक्सिजन शिरतो व मिथेननिर्मिती थांबते. पुष्कळ ठिकाणी मातीतील जैव कार्बनही कमी असतो. सतत भरलेल्या, जैव पदार्थांनी समृद्ध अशा यूरोपीय खाचरांतील मूल्ये येथे लागू करणे म्हणूनच चुकीचे ठरले. खाचरातील पाणी हंगामाच्या मध्यास काढून टाकल्यास मिथेन पुष्कळ घटतो, परंतु माती पुन्हा पुन्हा ओली व कोरडी झाल्याने नायट्रस ऑक्साइडाचे उत्सर्जन वाढू शकते. त्यामुळे दोन्ही वायूंचे मापन एकत्र केल्याखेरीज अशा उपायाचा खरा लाभ कळत नाही.

भारतातील मापने : मोसमी द्रोणीच्या (कमी दाबाच्या लांबट पट्ट्याच्या) अभ्यासासाठी १९९० मध्ये जोधपूर, दिल्ली, वाराणसी व खरगपूर येथे मनोरे उभारून जमिनीलगतच्या संक्षोभाची मापने करण्यात आली. त्यांतून देशात जलद प्रतिसादाच्या उपकरणांचा अनुभव मिळाला. पुढे हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने मध्य प्रदेशातील बैतूल येथील सागाचे प्रमाण अधिक असलेले पानझडी वन, उत्तराखंडातील वने व सुंदरबनातील कच्छ वनश्री अशा स्थळी कार्बन अभिवाहांची मापने सुरू केली. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने आसामातील काझीरंगा येथील निमसदाहरित वनात व इतरत्र मनोरे उभारले. काझीरंगा येथे मोसमी काळातील दाट ढगांमुळे प्रकाश कमी पडून वनाचे शोषण पूर्वमोसमी काळापेक्षा घटते, असे आढळून आले. पाऊस वाढला म्हणजे शोषण वाढतेच, ही समजूत सरसकट खरी नाही, हे यावरून दिसते.

मनोऱ्याचे पदचिन्ह लहान असल्याने विस्तृत प्रदेशाचा हिशोब करण्यासाठी हवेतील वायूंच्या संहतीवरून मागे गणित करण्याची रीतही वापरतात. गोव्यातील काबो द राम येथे ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने १९९३ पासून काही वर्षे हवेचे नमुने गोळा करण्यात आले. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तेथे सागरावरील स्वच्छ हवा, तर हिवाळ्यात भारतीय भूभागावरून आलेली हवा पोहोचते. यामुळे त्या एकाच स्थळी दोहोंची तुलना शक्य होते. पुण्याजवळील सिंहगडावर २००९ पासून अशाच प्रकारे नमुने घेण्यास आरंभ झाला.

जागतिक जाळी : अमेरिका व यूरोप येथील मनोऱ्यांची प्रादेशिक जाळी १९९६ मध्ये व आशियातील जाळे १९९९ मध्ये संघटित झाले. या सर्वांना जोडणारे ‘फ्लक्सनेट’ हे जागतिक जाळे १९९७ पासून अस्तित्वात आहे. त्याच्या २०१५ च्या संकलनात २१२ स्थळांची एकाच रीतीने संस्कारित केलेली माहिती असून तिचा एकत्रित कालावधी १,५०० स्थळ-वर्षांहून अधिक आहे. या माहितीचा उपयोग हवामानाच्या संगणकीय प्रतिकृती आणि कृत्रिम उपग्रहांवरून मिळणाऱ्या निरीक्षणांची पारख करण्यासाठी होतो. मनोऱ्यांचे भौगोलिक वाटप मात्र विषम आहे. त्यांपैकी बहुतेक उत्तर अमेरिका व यूरोप येथील समशीतोष्ण प्रदेशांत असून आफ्रिका व दक्षिण आशिया येथील उष्ण कटिबंधीय परिसंस्थांत ते विरळ आहेत. ज्या प्रदेशातील मापने उपलब्ध नसतात त्याच्यासाठी दुसऱ्या प्रदेशातील मूल्ये वापरली जातात. तसे केल्याने किती मोठी चूक होऊ शकते, हे भातखाचरांच्या उदाहरणावरून दिसून आले आहे. त्यामुळे प्रत्येक प्रदेशातील प्रमुख परिसंस्थांची, तेथील ऋतुमान व शेतीच्या रीती लक्षात घेऊन, दीर्घकाळ व अखंड मापने करीत राहणे हे या शाखेपुढील मुख्य कार्य आहे. [⟶ कार्बन चक्र, परिस्थितिविज्ञान, सूक्ष्मजलवायुविज्ञान].